गाढवाचा डावा डोळा

लेकीचा खांदा जेमतेम चार बोटं फिरला असेल. त्याहून जास्त नाही. बाळ त्या खांद्यावर होतं, अर्धवट झोपेत, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा बुडबुडा. ते घ्यायला तिने दोन्ही हात पुढे केले आणि लेकीचा खांदा दाराकडे वळला. राहू दे आई, निघायचंच आहे आता, असं काहीतरी लेक म्हणाली. मग जिन्यात चपला वाजल्या, खालचं फाटक करकरलं आणि घर एकदम गप्प झालं. ती हात तसेच पुढे धरून उभी. आतून नवरा आला. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला माणूस. गल्लीत सगळे त्याला डायव्हर म्हणायचे आणि हल्ली मनातल्या मनात तीही म्हणायची. तो म्हणाला, "काय गं, लोकरीची लड धरायला कुणी उभी करून गेलं का तुला?" एरवी ती हसली असती. तिने हात खाली घेतले, मग पुन्हा वर घेतले आणि उलटेसुलटे करून पाहिले. दिसायला काही वाईट नव्हते. आजीचे असावेत तसे होते.

चार बोटं म्हणजे काही फार नाही. पण जन्मभर तपासणीच्या टेबलासमोर उभं राहिलेल्या माणसाला तेवढी पुरतात. स्वेटरच्या कारखान्यात एक तपासनीस बाई होती. ती माल उचलायची, उजेडाकडे धरायची आणि अवाक्षर न बोलता उजव्या नाहीतर डाव्या ढिगात टाकायची. डावा ढीग म्हणजे बाद. का बाद, ते ती सांगत नसे. ज्याचं त्याने ओळखायचं. आज लेकीने तिला डाव्या ढिगात टाकलं होतं, आणि कारण विचारायला जायची गरज नव्हती. कारण तिच्याच दोन मनगटांना लोंबत होतं.

लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. विम्याच्या कचेरीत ती लोकांचे दावे तपासायची, खरे कुठले आणि बनावट कुठले. पुढच्या महिन्यापासून दिवसभर बाळ कुणाकडे, एवढाच प्रश्न होता. कचेरीच्या मागे एक पाळणाघर होतं, भिंतींवर ससे रंगवलेलं. नाहीतर आजी होती. जावई म्हणाला होता, तुझं तू ठरव. लेक ठरवत होती, म्हणजे काहीच बोलत नव्हती. आणि आजीने तोंडाने मागितलं नव्हतं. पगारवाढसुद्धा कधी न मागितलेली बाई ती, नातू काय मागणार. पण सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आत तोच विचार हजर: देईल का माझ्याकडे? तिला ते बाळ हवं होतं. कौतुकासाठी नाही. भुकेल्याला अन्न हवं असतं तसं, निलाजरेपणाने हवं होतं. लेक रांगली ती शेजारणीच्या घरात. पहिलं पाऊल टाकलं ते शेजारणीच्या फरशीवर. संध्याकाळी दारातच शेजारीण म्हणाली होती, आज चालली हो तुमची पोर. आणि हिने हो का म्हणून भाजीची पिशवी आत ठेवली होती. दुसरं काय करायचं असतं अशा वेळी, ते तिला अजूनही कळलेलं नाही. लोक सांगतात आठवणी जपाव्यात. ज्याच्याकडे असतील त्याने जपाव्यात. तिच्याकडे लेकीच्या लहानपणाच्या म्हणून ज्या आठवणी होत्या त्या झोपलेल्या पोरीच्या होत्या. निघताना झोपलेली, परत आल्यावर झोपलेली. मधली जागी पोर दुसऱ्यांनी पाहिली. आता तेच नाक, तीच हनुवटी घेऊन एक जागं माणूस आलं होतं, दिवसभर जागं, आणि तिच्याकडे दिवसच्या दिवस पडले होते.

पण हात. कारखान्यात ती जोडणीला होती. म्हणजे स्वेटरचे भाग यंत्रावर विणून यायचे, बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, छाती वेगळी, आणि हिच्या पुढ्यात एक फिरती चकती, चकतीच्या कडेला उभे बारीक काटे. एकेका काट्यावर एकेक टाका बोटांनी चढवायचा. आधी बाहीचा, मग त्याच काट्यावर अंगाचा. एक टाका चुकला की बाही खांद्यापासून उसवत जाते. हे ती कित्येक वर्षं करत होती. दिवे गेले तरी हात थांबत नसत, बोटांना अंधारात दिसायचं. याचं कुणी कौतुक केलं नाही. काम होतं ते. मग एके वर्षी करंगळीशेजारचं बोट झोपल्यासारखं झालं. मग मधलं. मग अंगठे. रात्री हात उशाशी घेऊन झटकायचे, सकाळी पुन्हा चकती. कारखान्याने बोटं एकदम तोडून घेतली असती तर बोंब झाली असती, चौकशी झाली असती. त्याने ती चोखून चोखून खाल्ली, आणि साल तेवढी हिला परत दिली. निवृत्त होताना वर एक भिंतीवरचं घड्याळही दिलं.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले होते. टाचणी टोचतो, कळली की हो म्हणा. ती वाट पाहत बसली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, कधी टोचणार? डॉक्टर म्हणाले, झालं टोचून, उघडा डोळे. शीर दबलीय, फार उशीर केलात, असं आणखी काय काय ते बोलले. बाहेर बाकावर डायव्हर बसला होता. त्याला तिने सांगितलं, संधिवात म्हणाले. पण एका घरात राहणाऱ्या माणसापासून बोटं लपत नाहीत. ब्लाऊजचे हूक लावायला ती आरशासमोर जास्त वेळ घ्यायला लागली, तेव्हा एक दिवस तो मागून आला आणि काही न विचारता हूक लावून गेला. त्याची बोटं स्टिअरिंगने जाड झालेली, निम्मे हूक चुकले. तेव्हापासून ते रोजचंच झालं. त्यावर दोघं बोलत नव्हते. फक्त एकदा तो म्हणाला होता, लेकीला सांगून टाक. तिने म्हटलं होतं, तुम्ही तोंड उघडून तर बघा. तो घाबरून मागे सरला होता, जन्मभर बस मागे घ्यायचा तसा, आरशात बघत.

म्हणजे आता लेकीला कळलं होतं. याच महिन्यात दुधाचा पेला सुटला होता तिच्या हातून, लेकीसमोर. ओला होता म्हणून निसटला, असं ती म्हणाली होती. लेकीचा धंदाच खोटे दावे ओळखायचा. तिने पेला पाहिला, हात पाहिले, आणि आठवड्याने खांदा फिरवला. हिशेब सरळ होता. मग उत्तरही सरळ असायला हवं. हात चालतात हे तोंडाने सांगून उपयोग नव्हता. माल टेबलावर ठेवायला हवा होता.

असं ते गाढव सुरू झालं. गाढवच का, तर घरात करड्या लोकरीचे गुंडे होते, आणि हत्ती केला असता पण सोंड फार नाजूक. तिथे टाके इतके कमी होत जातात की तिला भरवसा वाटेना. गाढवाला लांब कान लागतात, आणि कान म्हणजे काय, बाहीच. डायव्हरने विचारलं काय चाललंय, आणि ऐकून म्हणाला, नातवाला गाढव देणार? जावई म्हणेल टोमणा मारला. ती म्हणाली, जावयावर गेलं असतं तर घोडा केला असता, हे तुमच्याकडून आलंय. तो खूश झाला. बाळाला तो साहेब म्हणायचा. साहेबांचं वाहन निघालं म्हणायचं, असं म्हणून तो बाजारात गेला.

खिडकीशी खुर्ची ओढून ती विणत होती. पूर्वी विणताना ती रस्त्याकडे बघायची. आता सुयांकडे बघावं लागत होतं, एकेका टाक्याकडे, नव्याने शिकणाऱ्या पोरीसारखं. सुईवर टाका आहे हे डोळे सांगायचे, बोटं काहीच सांगत नव्हती. जाड हातमोजे घालून दुसऱ्याच कुणाची तरी बोटं आपण हलवतोय असं वाटायचं. दोन ओळी गेल्या की खाली सुटलेला टाका दिसायचा, शिडीसारखा उतरत गेलेला. उसवायचं, पुन्हा उचलायचं. तिला स्वतःचा इतका राग यायचा की दात आवळले जायचे. पण रागाच्या खाली, कुठेतरी फार खाली, एक मजाही होती. एवढ्या वर्षांत तिच्या हातातून हजारो पोरांचे स्वेटर गेले आणि त्यातला एकही तिने विणला नव्हता, जोडला होता. पूर्ण वस्तू कशी वाढते, एका टोकापासून, रोज थोडी, हे तिने पाहिलंच नव्हतं. संध्याकाळी गाढवाचा पाय टेबलावर पडलेला असायचा आणि सकाळी उठल्यावर तो तिथेच असायचा, तिचा. कुणी उचलून पुढच्या टेबलावर नेलेला नसायचा.

लेकीला मात्र लहानपणी कारखान्याचेच स्वेटर मिळायचे, बाद ढिगातले. कामगारांना ते स्वस्तात द्यायचे, उपकार केल्यासारखे. एक निळा होता, त्याची एक बाही अंगापेक्षा फिकी. सूत रंगवण्याच्या वेगळ्या घाण्यातलं आलं असेल. एरवी कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण शाळेत पोरांना सगळं दिसतं. लेकीला कुणीतरी अर्धी म्हणून हाक मारायला लागलं. तिने घरी येऊन तक्रार केली नाही. फक्त फिक्या बाहीचा हात पाठीमागे धरून चालायला लागली, आणि ती सवय पुढे स्वेटर विटून गेला तरी राहिली. लग्नाच्या फोटोतसुद्धा एक हात मागे आहे. हे त्या हिवाळ्यातच हिच्या ध्यानात आलं असतं. पण हिवाळ्यात माल जास्त असायचा, रविवारीही बोलवायचे, आणि ध्यानात यायला माणूस घरी असावं लागतं.

शनिवारी दुपारपर्यंत गाढव जवळजवळ उभं राहिलं. पाय शिवून झाले, पोटात कापूस भरला, कान लागले. एक कान जरा पुढे पडत होता आणि त्यामुळे ते काहीतरी ऐकतंय असं वाटायचं. तिला ते आवडलं. उद्या रविवार, लेक येणार. दाराशीच बाळाच्या हातात द्यायचं, लेकीकडे बघायचंसुद्धा नाही. तिचं तीच बघेल, टाके मोजेल. राहिले होते फक्त डोळे. बटणं लावायची नव्हती, बाळ ओढून गिळेल. काळ्या दोऱ्याने भरायचे. जाड सुई त्या कामाला चालेना म्हणून तिने साधी शिवणाची बारीक सुई घेतली. उजवा डोळा नीट भरला. डाव्याला, शेवटच्या टाक्याला, सुई घट्ट गेली. तिने डाव्या हाताने गाढवाचं तोंड धरलं, अंगठा दाबून, आणि सुई जोरात रेटली. किती जोरात, ते बोटांना कळत असतं तर ती थांबली असती. कट्ट असा बारीकसा आवाज झाला. हातात दोरा ओवलेलं सुईचं मागचं अर्धुक राहिलं. टोक नव्हतं.

तिने मांडी झटकली. खुर्चीखाली पाहिलं, पदर उलटा करून पाहिला, फरशीवर गाल टेकवून उजेडाच्या रेषेत पाहिलं. नव्हतं. मग ती गाढवाकडे बघत बसली. कारखान्यात सुई मोडली की सगळं थांबायचं. लहान मुलांचा माल, दूरच्या देशांत जाणारा. एक टोक जरी आत राहिलं तर कारखान्याचं नाव जाईल. म्हणून मोडक्या सुईचे सगळे तुकडे जुळवून सुपरवायझरला दाखवायचे, सुई पूर्ण भरली तरच नवी मिळायची आणि पट्टा सुरू व्हायचा. एकदा पलीकडच्या ओळीत लांबडी म्हणून एक बाई होती, तिची सुई मोडली आणि टोक सापडेना. दारं लावली. सगळ्या बायकांना उभं केलं, केस सोडायला लावले, चपला झटकायला लावल्या. घरी जायची वेळ टळली, अंधार पडला, कुणाला मोरीला जाऊ देईनात. शेवटी टोक मिळालंच नाही. त्या पाळीचा सगळा माल, गुलाबी, पिवळा, बोटाएवढ्या बाह्यांचा, मागच्या आवारात नेऊन जाळला. लोकरीचा जळका वास नाकात घेऊन ती घरी आली तेव्हा शेजारीण कुठे बाहेर गेलेली, आणि लेक बंद दारासमोर पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. किती वेळची बसली होती कोण जाणे. त्या दिवशी पहिल्यांदा तिला नीट राग आला होता. कुठल्या तरी परक्या पोराला, ज्याचं तोंड इथल्या कुणी पाहिलेलं नाही, सुईचं टोक लागू नये म्हणून केवढी काळजी. आणि ज्यांच्या आया तिथे केस सोडून उभ्या होत्या, त्यांची पोरं कुठल्या पायऱ्यांवर बसली होती हे त्या कारखान्यात एकालाही विचारायचं सुचलं नाही. तो राग तिने कधी टाकला नाही. तो तिच्या कामाला यायचा. काहीही बिनसलं की ती त्याच्यावर नेऊन टेकवायची आणि स्वतः मोकळी व्हायची.

डायव्हर झोपेतून उठून आला. त्याने गाढव हातात घेतलं, चहूबाजूंनी दाबलं आणि म्हणाला, काही नाही गं यात. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. त्या हाताला तापलेलं इंजिन कळायचं. कापसातलं नखाएवढं टोक काय कळणार. तो म्हणाला, उद्या ते येणार, राहू दे आता, खाली कुठेतरी गेलं असेल. हे तिच्याही मनात आलं होतं, त्याच्या आधी आलं होतं. टोक खाली उडालं असेलच की. नव्वद टक्के खालीच. डोळ्यावर चार टाके अजून घातले की कुणाला कळणार? गाढव पुढ्यात उभं होतं, एक कान पुढे, डोळा एक पूर्ण आणि एक पाऊण. बाळ ते पहिल्यांदा तोंडातच घालणार होतं. हिरड्या शिवशिवत होत्या त्याच्या, हाती येईल ते चावायचा. ती गाढवाच्या तोंडावर अंगठा फिरवत राहिली, पुन्हा पुन्हा, आणि तिच्या अंगठ्याला काहीच कळत नव्हतं. तिथे सुई असती, विस्तव असता, तरी तेच. ती डायव्हरला म्हणाली, "दुरुस्तीच्या दुकानातून लोहचुंबक मिळतं का बघा." तो गेला. तो गेल्यावर तिने कात्री घेतली आणि पोटाची शिवण सोडली.

कापूस बाहेर आला तो येतच राहिला. एवढ्याशा अंगात एवढा कापूस होता. ती फरशीवर चादर अंथरून बसली होती आणि चिमूट चिमूट पिंजून उजेडाकडे धरत होती, कारण डोळ्यांखेरीज तिच्याकडे दुसरं हत्यार नव्हतं. कान काढले. पाय काढले. डोळे उसवले. तोंडाची लोकर टाका टाका सोडत नेली. वाकडी झालेली लोकर चादरीवर पडत होती. दार उघडंच होतं, डायव्हर येईल म्हणून. दारात लेक उभी होती, बाळ खांद्यावर. शनिवार होता, लेक यायची नव्हती.

लेकीने विचारलं, "आई, काय करतेस हे?"

"सुई मोडली. टोक सापडत नाही."

"म्हणून सगळं फाडलंस?"

"फाडलं नाही. उसवलं."

लेक खाली बघत होती. कान, पाय, कापूस. ते काय होतं हे तिला हळूहळू कळत गेलं असावं. मग ती साध्या आवाजात, कुणीही बोलेल तसं, म्हणाली, "अगं, चाचपून बघायचं ना."

झालं. हेच वाक्य. कुठूनही आलं असतं तरी ते येणारच होतं. तिला वाटलं हसून न्यावं, म्हातारी झाले गं, सुचलं नाही म्हणावं. समोर गाढवाचे चार पाय आडवे पडले होते. खोटं बोलायला निदान एखादी उभी वस्तू लागते.

"चाचपून कळत नाही मला," ती म्हणाली. "बोटं मेलीत माझी. कधीचीच."

लेकीने बाळाला पलंगावर भिंतीच्या बाजूला निजवलं, दोन्हीकडे उशा लावल्या, आणि चादरीवर येऊन बसली, कापसात. तिने आईचा डावा हात ओढून घेतला, तपासनीस बाई माल घेते तसा, उजेडाकडे. एकेक बोट दाबलं. कळतंय? नाही. हे? नाही. अंगठ्याशी ती थांबली. अंगठ्याच्या जाड कातडीत एक काळा ठिपका होता. तिने नखाने तो खरवडला, दोन्ही बाजूंनी दाबला, आणि हळूच एक चकचकीत बारीक टोक वर आलं. लेकीने ते ओढून काढलं तेव्हा मागून रक्ताचा एक थेंब आला, गोल, उशिरा. ती ते बघत होती, दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं तशी. लेकीचा चेहरा मात्र पांढरा पडला होता, जणू टोक तिच्याच बोटातून निघालं होतं.

"मला माहीत नव्हतं," लेक म्हणाली.

"खोटं नको बोलूस. माहीत होतं म्हणून तर गेल्या रविवारी खांदा फिरवलास. बाळ दिलं नाहीस."

लेकीला आधी आठवेचना. मग आठवलं, आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती बराच वेळ कापसाचा एक तुकडा पिंजत राहिली. पेल्याचं तिच्या लक्षातही नव्हतं, असं ती म्हणाली. पेले काय, सगळ्यांच्याच हातून पडतात. मग तोंड वर न करता ती बोलली.

"तू त्याच्याकडे बघून हसत होतीस. तसं हसताना मी तुला कधी पाहिलंच नव्हतं. मला राग आला. लाज वाटते सांगायला, पण पोटच्या पोराचा राग आला मला, की याला का, आणि मला का नाही."

तिने तोंड उघडलं. कारखाना तयार होता, जिभेवरच होता: पाळ्या, सुपरवायझर, लावलेली दारं, जळकी लोकर. सगळं खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की ते खरं तिच्या स्वतःच्या उपयोगाचं आहे. पायरीवर दप्तर घेऊन बसलेल्या पोरीला त्यातलं काही नको होतं. त्या पोरीने कारखान्याचं नाव कधी विचारलंच नव्हतं. आणि ही सबंध आठवडा हात तपासत बसली होती. माणूस बाद झालं की ते हातांवरूनच होतं, दुसरं कारण असू शकतं, हे तिच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. तिला कुणी हसण्यावरून तपासलंच नव्हतं कधी.

"मी दमलेली असायची गं," ती म्हणाली.

"माहितीये."

"माहितीये म्हणू नकोस. तुला ते माहीत असायला नको होतं. एवढंसं पोर तू."

लेकीने मान हलवली. पलंगावर बाळ जागं झालं होतं आणि छताशी काहीतरी बोलत होतं. दोघी तिकडे बघत राहिल्या. मग आईच म्हणाली, जे गेला महिनाभर ऐकायला लागू नये म्हणून ती धडपडत होती ते. "त्याला माझ्या एकटीकडे नको ठेवूस. हातातून सुटला तर मला खाली पडल्यावर कळेल."

"नाहीच ठेवणार," लेक म्हणाली. "पाळणाघरात नाव घातलंय. तेच सांगायला आले होते आज. उद्या सगळ्यांसमोर नको म्हणून."

किती सरळ सांगितलं. खांदा न फिरवता, तोंडावर. लागलं, पण ते लागणं नीट कळलं, कुठे लागलं, किती आत गेलं, सगळं. संध्याकाळी मी पोचेपर्यंत तू आणि बाबा तिथे जाऊन बसाल का त्याच्यापाशी, असं लेक विचारत होती, शेवटचा तासभर तो फार रडेल म्हणे. ती म्हणाली, बसू की. मग तिला आठवलं की आपण खरं म्हणजे रडायला हवं होतं, पण वेळ निघून गेली होती, आणि चादरीवर करडे तुकडे होते, त्यांचं काहीतरी करायला हवं होतं. आज काही ते जुळणार नव्हतं. लेकही ते आवरायला उठली नाही. उलट कापूस बाजूला सारून तिथेच आडवी झाली, डोकं आईच्या मांडीवर ठेवून, विचारल्याशिवाय. जडच होतं डोकं. मोठ्या बाईचं डोकं. डोळे उघडे होते, छताकडे, जिकडे बाळ बघत होतं तिकडेच.

तिने हात उचलला आणि मधेच थांबवला. बोटं ठेवून काय कळणार. मग तिने हात उलटा केला आणि मनगटाची आतली बाजू, जिथली कातडी अजून आपली होती, ती लेकीच्या कपाळावर टेकवली. तिथे कळत होतं. कपाळ कोमट होतं, जरासं घामट, आणि भुवई हलली तीही कळली.

"काय बघतेस?" लेकीने विचारलं. "ताप नाहीये मला."

"काही नाही," ती म्हणाली. "हात ठेवलाय नुसता."